माणसं, कामं आणि मुदती: सांगली-मिरज-कुपवाडच्या लहान उद्योगांकडून सारखे येणारे प्रश्न

कुपवाड, मिरज आणि पलूसच्या एमआयडीसीतून, तासगावच्या बेदाणा युनिटांतून आणि सांगलीतल्या काही पतसंस्थांतून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्याचेच ठेवलेत. ओळख पटेल असा तपशील काढला आहे. उत्तरं पंधरा ते दीडशे माणसांच्या संस्थेला धरून लिहिली आहेत. जिथे स्वतंत्र एचआर खातं आहे, त्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

तक्रार बहुतेक वेळा 'माणसं ऐकत नाहीत' अशी येते. खोलात गेलं की एखादा निर्णय मालकाच्या टेबलावर पडून असल्याचं निघतं. तेव्हा वेळ नसेल तर निदान प्रश्न 4 वाचा.

1. आमच्याकडे जेमतेम वीस माणसं. एवढ्या युनिटला प्रोजेक्ट मॅनेजमेंट वगैरे कशाला हवं?

रोजच्या उत्पादनाला नकोच. तेच बुश टर्न करायचे, तपासायचे, पॅक करून डिस्पॅचला द्यायचे, याला शिस्त पुरते. ज्या कामाला ठरावीक शेवट आहे, जे तुमच्याकडे क्वचितच होतं आणि ज्यात तीन-चार जणांचे हात गुंतलेले असतात, ते प्रोजेक्ट. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणं हा प्रोजेक्ट होता. तिथे पुढे रोज नांगर आणि पंप बनवणं हे उत्पादन.

तुमच्याकडे नवीन मशीन बसवणं, शेड वाढवणं, नव्या ग्राहकाचा पहिला सॅम्पल लॉट, आयएसओचं ऑडिट ही कामं त्या जातीची. वर्षाला अशी दोन-तीन निघतातच आणि पैसा तिथेच अडकतो. बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो आणि मशीन अजून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये उभं असतं.

2. सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

आधी फळा घ्या. ऑफिसात नको, शॉप फ्लोअरवर जाता-येता दिसेल असा टांगा. त्यावर चार रकाने: काम, कोण, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून समजायचं.

'कोण'च्या रकान्यात एकाच माणसाचं नाव. 'मेंटेनन्स' असं लिहू नका, खातं फोन उचलत नाही. 'सचिन आणि महेश' असंही नको. दोघांना विचारलं तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील, आणि दोघंही खरंच बोलत असतील. मदतीला दहा जण असू देत, जाब एकानेच द्यायचा.

हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरचे पट्ट्यांचे तक्ते 1910 च्या दशकात कागदावरच चालत होते, आणि आजची महागडी सॉफ्टवेअर्स तेच पट्टे रंगीत करून दाखवतात. कामं दोन वेगळ्या जागी चालत असतील, किंवा फळा महिनाभर रोज भरला जातोय असं दिसलं, तर मोबाइलवरच्या साध्या शीटवर जा. फळा ज्यांच्याकडून भरला जात नाही, त्यांच्याकडून सॉफ्टवेअरही भरलं जाणार नाही.

3. 'झालं साहेब' म्हणतात. बघायला गेलं तर अर्धवट. खोटं का बोलतात?

खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यातलं 'झालं' आणि तुमच्या डोक्यातलं 'झालं' वेगळं असतं. इलेक्ट्रिशियनचं पॅनेल वायरिंग संपलं की झालं. तुमच्या मते मशीन लोडवर तासभर चाललं की झालं. फळ्यावरचा चौथा रकाना याचसाठी आहे.

त्यात लिहिताना असं लिहा की तिऱ्हाईत माणूसही बघून हो किंवा नाही सांगू शकेल. 'फिक्स्चर तयार' (फिक्स्चर म्हणजे मशीनवर पीस पकडून ठेवणारी चौकट) हे चालणार नाही. 'फिक्स्चरवर पाच पीस सलग मापात, क्वालिटीची सही' हे चालेल. 'स्टोअर लावून घेणे' चालणार नाही. 'प्रत्येक रॅकला नंबर, यादी दाराला चिकटवलेली' चालेल.

आणि 'ऐंशी टक्के झालंय' हे उत्तर स्वीकारणं बंद करा. उरलेले वीस टक्के कधीकधी महिना खातात. काम आठवड्याच्या आतल्या तुकड्यांत मोडा, मग तुकडा एक तर झालेला असतो किंवा नसतो.

4. मी दोन दिवस पुण्याला गेलो की इथं सगळं थांबतं. सारखे फोन. माणसांना जबाबदारी कधी कळणार?

तुमच्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न दोन आठवडे एका वहीत लिहा. कुणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. एवढंच. त्यावर लगेच काही सुधारायला जाऊ नका.

कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये अशी वही लिहिली तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, 'इन्सर्ट (टूलला लावायची बदलती पाती) मागवू का?' दर वेळी मालकांचं उत्तर एकच: 'मागव.' एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. तरी सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) विचारावं लागायचं, कारण पूर्वी कधीतरी न विचारता मागवलं म्हणून त्याला चारचौघांत बोल बसला होता. स्टोअरच्या कपाटाची किल्ली मालकांच्या ड्रॉवरमध्ये आणि मालक बँकेत. दुसऱ्या पाळीत मशीन उभं राहायचं आणि हजेरीवर शेरा पडायचा: 'ऑपरेटर रिकामा.'

वही भरली की प्रश्नांचे तीन गठ्ठे करा. पहिला, जिथे तुमचं उत्तर नेहमी एकच असतं. हे काम माणसानं विचारायचं नाही, सांगायचंही नाही. महिन्याच्या बिलात तुम्हाला दिसेलच. दुसरा, जिथे उत्तर बदलतं पण चूक झाली तरी नुकसान सोसण्यासारखं असतं. हे करून मग सांगायचं. तिसरा, ग्राहकाला दिलेली तारीख, भाव, नोकरीवर घेणं-काढणं, सुरक्षितता. हे विचारूनच. पहिल्या दोन गठ्ठ्यांना रुपयांची मर्यादा घाला: सेटरला पाच हजार, सुपरवायझरला पंधरा हजार, तुमच्या उलाढालीला झेपेल ते. मर्यादा कागदावर लिहा, सही करा, फळ्याशेजारी लावा. तोंडी दिलेला अधिकार पहिल्या भांडणात परत घेतला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचं अवघड आहे. महिन्याभरात कुणीतरी एक निर्णय चुकीचा घेईल. चुकीच्या ग्रेडचे इन्सर्ट येतील, चार हजार पाण्यात जातील. त्या दिवशी तुम्ही शॉप फ्लोअरवर आवाज चढवलात, की कागद भिंतीवर तसाच राहतो आणि अधिकार परत तुमच्या ड्रॉवरमध्ये जातो. बोलायचं ते केबिनमध्ये बोला, आणि ग्रेड ठरवायची पद्धत सुधारा. ते चार हजार ट्रेनिंगच्या खात्यात टाका. यापेक्षा स्वस्त ट्रेनिंग सांगली जिल्ह्यात मिळत नाही.

5. नवीन मशीन दर वेळी दोन-दोन महिने उशिरा चालू होतं. सप्लायर फसवतात का?

कधीकधी. पण मशीन आल्यानंतर झालेला उशीर बहुधा आपलाच असतो.

व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) बसवायचं धरू. मशीनची डिलिव्हरी, फाउंडेशन, महावितरणकडून वाढीव वीजभार, स्टॅबिलायझर आणि कॉम्प्रेसरची लाइन, क्रेन, कंपनीच्या इंजिनिअरचं लेव्हलिंग, फिक्स्चर, ऑपरेटर, ग्राहकाकडून पहिल्या सॅम्पलची मंजुरी. आता यातलं काय कशावर अडून आहे ते बाणांनी जोडा. भार मंजूर झाल्याशिवाय मशीन चालू होणार नाही, मशीन चालल्याशिवाय सॅम्पल नाही. फिक्स्चर मात्र मशीन येण्याआधीच बनवता येतं, ड्रॉइंग तर हातात आहे. काँक्रीटची पूर्ण ताकद 28 दिवसांची धरतात, तेव्हा मशीन ट्रकमध्ये चढल्यावर खड्डा खणायला घेतला तर तो महिना गेलाच.

या बाणांमधली सगळ्यात लांब साखळी म्हणजे तुमची खरी तारीख. साखळीबाहेरचं काम चार दिवस पुढे-मागे झालं तरी बिघडत नाही; साखळीतलं एक दिवस चुकलं की शेवट एक दिवस पुढे सरकतो. ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत तयार झाली. आमच्या पाहण्यात वीजभाराचं काम जवळपास दर वेळी या साखळीत असतं आणि जवळपास दर वेळी सगळ्यात शेवटी आठवतं. मशीनचा ॲडव्हान्स भरला त्याच दिवशी भाराचा अर्ज भरा.

अंदाजाचं म्हणाल तर डॅनिएल काहनेमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्येच दाखवून दिलं की माणूस समोरच्या कामाचे टप्पे मोजतो आणि अशीच मागची कामं किती लांबली हे विसरतो. त्यावर उपाय तुमच्या गेट रजिस्टरमध्ये आहे. मागची तीन मशीन कधी आत आली आणि त्यांच्यावरच्या मालाचं पहिलं बिल कधी फाटलं, या तारखा काढा. मधलं अंतर म्हणजे तुमचा अंदाज. 'या वेळी तसं होणार नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना का ते लिहून द्यायला सांगा.

6. काम मागे पडलं म्हणून चार माणसं वाढवली. आणखी मागे पडलं. असं कसं?

नव्या माणसाला शिकवायला तुमचाच जाणता माणूस बसतो, म्हणजे आधी एक हात कमी होतो. माल उतरवणं, पॅकिंग, घासणं अशा कामांत माणसं वाढवली की वेग वाढतो. सेटिंग, प्रोग्रॅमिंग, हिशोब जुळवणं यांत शेवटच्या टप्प्यावर वाढवू नका. त्यापेक्षा जाणत्या माणसाच्या अंगावरची दुसरी कामं काढून घ्या.

7. गणपती, गावची यात्रा, द्राक्षाची छाटणी… निम्मी पाळी गायब. शिस्त कशी लावायची?

यात शिस्तीचा प्रश्न थोडा आणि कॅलेंडरचा जास्त आहे. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळचा माणूस ऑक्टोबरात फळछाटणीला बागेत जाणार. वाळव्याकडच्याच्या उसाला तोड आली की तो त्या दिवशी फडातच असणार, कारण टोळी परत कधी येईल ते साखर कारखान्याच्या चिटबॉयलाही सांगता येत नाही. घरची दोन एकर हा त्याचा दुसरा पगार आहे, आणि तुमच्या पगारापेक्षा जुना आहे. तुम्ही ओरडलात तर तो जाणारच, फक्त आजीला तिसऱ्यांदा मारून जाईल.

जूनमध्ये एक मोठा तक्ता करा. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं भरायचा: गावची यात्रा कोणत्या तिथीला, छाटणीचा अंदाजे पंधरवडा, घरात लग्न आहे का, पोराची परीक्षा कधी. यात्रा तिथीप्रमाणे असल्यानं तारीख दर वर्षी बदलते, पंचांग समोर ठेवा. तक्ता भरला की मोठी छिद्रं महिनोन् महिने आधी दिसतात. मग नियम एकच: एका पाळीत एका वेळी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त रजा नाहीत, आणि कुणी थांबायचं ते पाळीनं आपसांत ठरवायचं. मालकापेक्षा पाळी हे जास्त न्यायानं ठरवते. मागच्या वर्षी कोण थांबलं होतं हे त्यांना पाठ असतं.

ग्राहकाला तारीख द्याल ती तक्ता बघून द्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सॅम्पल देतो म्हणून कबूल करायचं आणि मग माणसांवर चिडायचं, हा खेळ दर वर्षी चालतो.

उसाच्या तोडीसारखी आयत्या वेळची रजा तक्त्यात बसत नाही. तिच्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर दुसरा माणूस तयार हवा. कोण काय चालवू शकतो याचीही यादी करा. ज्या मशीनसमोर एकच नाव येईल, तिथून ट्रेनिंग सुरू करा.

8. पुराचं नियोजन कसं करायचं? आमची शेड माळावर आहे, तिथं पाणी येत नाही.

शेडला येत नाही, पण माणसं गावभागात, शामरावनगरला, नदीकाठच्या गावांत राहतात. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. रस्ते बंद झाले की कच्चा माल येत नाही, तयार माल जात नाही आणि ज्याच्या घरात पाणी आहे तो कामावर यायचा प्रश्नच नाही.

'पावसाकडे लक्ष ठेवणे' ही योजना झाली नाही. आयर्विनची पातळी रोज जाहीर होते, इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. तिलाच आपली कामं बांधा. उदाहरणार्थ:

30 फूट: कोण कुठे राहतं ती यादी ताजी करायची, तयार माल अडवून न ठेवता पाठवायचा.
35 फूट: नदीकाठच्या कामगारांना घर हलवायला पगारी रजा, ग्राहकांना कळवणं.
40 फूट: सर्व्हरचा बॅकअप आणि कागदपत्रं बाहेर, गोडाऊन सखल भागात असेल तर ते रिकामं.

प्रत्येक ओळीसमोर नाव. आकडा आला की त्या माणसानं काम सुरू करायचं, कुणाला फोन करायचा नाही. पुरात फोनच लागत नाही, आणि लागला तरी मालक स्वतःच्या घरातलं सामान वरच्या मजल्यावर नेत असतात. आमचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या माणसांची घरं कुठल्या पातळीला बुडतात ते त्यांनाच विचारा, त्यांना फुटांत सांगता येतं.

9. रोजची मीटिंग तासभर चालते आणि हाती काही लागत नाही.

फळ्यासमोर उभ्यानं घ्या. काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. दहा मिनिटं. वाद निघाला तर ते दोघं आणि सुपरवायझर बाजूला जातील, बाकीचे कामाला लागतील. चहा मीटिंगनंतर.

10. बहिणीचा मुलगा कामावर आहे. येतो उशिरा, बोललं तर ताई फोन करते. काय करू?

याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. पण तीन गोष्टी करून बघता येतील. त्याला तुमच्या थेट हाताखाली ठेवू नका. ज्याचा तो भाचा नाही अशा माणसाकडे द्या आणि त्या माणसाला सगळ्यांदेखत सांगा की हजेरीचे नियम याला तेच. दुसरं, त्याला मोजता येईल असं काम द्या. 'ऑफिस बघतो' या पदावरचे भाचे-पुतणे कधी सुधारत नाहीत. वसुली, डिस्पॅच, खरेदी यांत महिन्याचा आकडा निघतो. तिसरं, ताईशी बोलणं कामाच्या जागी नको. घरी जा, जेवून मग बोला, आणि तक्रार न करता विचारा: 'याला पुढं काय करायचंय असं तुझ्याशी बोलतो का?' पुष्कळदा पोराला इथे यायचंच नसतं, मामाच्या शब्दाखातर आलेला असतो.

बाकीची माणसं तुमच्या भाच्याच्या हजेरीकडे बघून स्वतःची वेळ ठरवतात, हे मात्र धरून चाला.

11. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून पास झालेला तरुण इंजिनिअर घेतला. तीस वर्षं काम केलेले फोरमन मामा त्याचं ऐकत नाहीत.

ऐकतील, पण आधी कोण काय ठरवणार ते वाटून द्या. फाउंड्रीत माल ओतायचा की थांबायचं, साच्याची सँड बरी आहे का, हे मामा ठरवणार. आठवड्याचा प्लॅन, रिजेक्शनच्या नोंदी, ग्राहकाचे मेल हे इंजिनिअर. दोघांनाही एकत्र बसवून सांगा, वेगवेगळं नको.

इंजिनिअरनं त्यांना 'मामा'च म्हणावं आणि अहो-जाहो करावं. मामांनी त्याला चारचौघांत 'अरे पोरा' म्हणू नये, एवढं तुम्ही मामांकडे खासगीत मागू शकता. पहिले दोन महिने त्याला एकही नवीन पद्धत आणू देऊ नका. फक्त नोंदी घेऊ द्या. रिजेक्शन कोणत्या दिवशी, कोणत्या हीटला (भट्टीच्या एका खेपेला) वाढतं हे कागद बोलायला लागला की मामाच विचारतात, 'सोमवारी का जास्त आहे रे?' तिथून पुढे दोघं एकाच बाजूला असतात.

12. सगळ्यात चांगला ऑपरेटर होता, त्याला सुपरवायझर केलं. आता ऑपरेटरही गेला आणि सुपरवायझरही धड नाही.

सुपरवायझरचं काम वेगळं आहे: दुसऱ्याकडून करून घेणं, नाही म्हणणं, नोंदी ठेवणं. बढती द्यायच्या आधी तीन महिने एका लहान कामाचा ताबा द्या, पगार तोच, पद तात्पुरतं, आणि परत जायची वाट उघडी ठेवा. ज्याला मशीनवरच राहायचंय त्याचा पगार मशीनवरच वाढू शकेल अशी श्रेणी करा. बऱ्याच युनिटांत चांगल्या सेटरला पगारवाढीसाठी सुपरवायझर व्हावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो.

13. उचल द्यावी की नाही? दिली तर माणूस अडकून राहतो, नाही दिली तर जातो.

द्यावी, पण नियमानं. रकमेची मर्यादा पगाराच्या पटीत ठरवा, हप्ता आधीच लिहून घ्या, दवाखाना आणि शाळेची फी यांना प्राधान्य द्या, आणि पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी नको. सगळ्या प्रकारच्या कपाती मिळून एका महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे कायद्यातच आहे. उचलीत माणूस अडकवून ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. तो राहतो, पण मनानं गेलेला असतो, आणि शेवटी पैसेही बुडतात.

14. तयार केलेला माणूस शेजारच्या युनिटमध्ये दीड हजार जास्तीला जातो. थांबवायचा कसा?

त्या दिवशी थांबवता येत नाही. राजीनामा हातात आल्यावर पगार वाढवला तर बाकीच्यांना पगारवाढ कशी मागायची ते कळतं.

जाणाऱ्याला महिन्याभरानं, पैसे चुकते झाल्यावर, चहाला बोलवून विचारा. दीड हजार हे सांगायचं कारण असतं. खरी कारणं ऐकाल तर अशी निघतात: ओव्हरटाइम शेवटच्या क्षणी सांगतात, रजेला नाही म्हणताना कारण देत नाहीत, पगार कधी सातला तर कधी पंधराला. यातली बरीच बिनपैशाची दुरुस्ती आहे.

15. कायद्यानं कमीत कमी काय पाळावं लागतं? सगळं तोंडीच चालतं आमच्याकडे.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. लहान युनिटांत सर्वाधिक चुकणाऱ्या गोष्टी अशा: प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत. जादा वेळेला दुप्पट दर. ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर, पण ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरही. बोनस लागू असेल तिथे किमान 8.33 टक्के, कमाल 20 टक्के.

वेगळा विषय लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा हवा. 'आमच्याकडे बायकाच दोन आहेत' ही सबब चालत नाही. कोणत्याही विशिष्ट प्रकरणात कामगार सल्लागाराला विचारा. हे पान त्याची जागा घेत नाही.

16. सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. पुरेसं नाही का?

कळवायला पुरतं, ठरवायला नाही. 'गुड मॉर्निंग'च्या फोटोंखाली मुदत दबून जाते, आणि अंगठ्याच्या खुणेचा अर्थ 'वाचलं' की 'करतो' हे नंतर भांडणात ठरतं. ग्रुपवर ठरलेलं काम त्याच दिवशी फळ्यावर गेलं नाही तर ते ठरलंच नाही असं धरा.

17. ग्राहक मध्येच ड्रॉइंग बदलतो. मोठी कंपनी आहे, नाही म्हणता येत नाही.

नाही म्हणूच नका. 'हो, करतो, तारीख आठ दिवसांनी पुढे जाईल आणि टूलिंगचा एवढा खर्च वाढेल, मेलवर हो कळवा' असं त्याच दिवशी लिहा. पर्चेसच्या साहेबांना पुढे त्यांच्या वरिष्ठांना कारण द्यावं लागतं. तुमचा मेल त्यांच्याही कामाचा असतो. बदल फोनवर आला असेल तर फोन ठेवल्यावर तुम्हीच मेल टाका. ड्रॉइंगवर बदलाचा क्रमांक बघायची सवय लावा आणि शॉप फ्लोअरवरची जुनी प्रत फाडून टाका. जुन्या ड्रॉइंगवर बनलेला लॉट हा आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमधला नेहमीचा पाहुणा.

18. मी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. संचालक परस्पर क्लार्कला कामं सांगतात. मी कुणाकुणाला नाही म्हणू?

इथे प्रश्न 4 उलटा होतो: निर्णय घेणारे पुष्कळ आणि त्यांना तुम्ही मर्यादा घालू शकत नाही. थेट संचालकांशी वाद घालू नका, तुमच्या नोकरीचा ठराव तेच करतात. क्लार्कला संरक्षण द्या. काउंटरवर एक आवक वही ठेवा: कोणत्या संचालकांनी काय सांगितलं, कधी. क्लार्कनं एवढंच म्हणायचं, 'लिहून घेते सर, मॅनेजरसाहेब वेळ सांगतील.' महिन्याच्या सभेत वहीची बेरीज अध्यक्षांसमोर ठेवा, नावांशिवाय: इतकी कामं ऐनवेळी आली, त्यामुळे वसुलीच्या इतक्या नोटिसा राहिल्या. कामं सांगणाऱ्यांना बहुधा एकूण आकडा माहीत नसतो.

कर्ज मंजुरी, तारण, थकबाकी यांबाबत तोंडी आदेश आला तर मात्र वहीवर थांबू नका. लेखी मागा किंवा सभेच्या ठरावाची वाट बघा. लेखापरीक्षणात सही तुमची सापडते.

19. निम्मा पैसा घालून झालाय, आता प्रोजेक्ट सोडणार कसा?

गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. आजपासून पुढे किती लागेल आणि त्यातून किती येईल, एवढंच मांडा. हा हिशोब ज्यानं प्रोजेक्ट सुरू केला त्यानं करू नये. सीए किंवा दुसऱ्या खात्याचा माणूस बरा. सुरू करतानाच थांबायची अट लिहून ठेवली असेल, उदाहरणार्थ 'मार्चपर्यंत सॅम्पल मंजूर नाही झालं तर बंद', तर त्या दिवशी कुणाचा अपमान होत नाही. माणसांना मात्र आधी सांगा, ती कुठे सामावली जाणार तेही. बंद पडल्याची बातमी चहाच्या टपरीवरून कळली तर चांगली माणसं आधी जातात.

20. वडील एक सांगतात, मी दुसरं. कामगार दोघांनाही 'हो' म्हणतात. नवीन शेड माझा प्रोजेक्ट आहे, पण काँट्रॅक्टर वडिलांनाच विचारतो.

हा प्रश्न मुलांकडून येतो. वडिलांकडून तोच असा येतो: 'पोरगा मला विचारतच नाही.' दोन्ही मेल एकाच कारखान्यातून आलेलेही पाहिलेत.

कामगारांना किंवा काँट्रॅक्टरला दोष देऊ नका. दोन मालक असतील तर दोघांना हो म्हणणं हाच शहाणपणा. शेड तुमचा प्रोजेक्ट आहे हे वडिलांनी काँट्रॅक्टरला स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, तुम्ही सांगून उपयोग नाही. त्यासाठी आधी त्यांच्याशी बसून त्यांना काय स्वतःकडे ठेवायचंय ते विचारा. पैशाचा चेक, जुने सप्लायर, देवघराची जागा, काहीही असेल. ते त्यांना पूर्ण द्या आणि त्यात पडू नका. बाकीच्यावर त्यांचं मत हवं असेल तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी घ्या, साइटवर नको, घरी.

काँट्रॅक्टरनं तरीही त्यांना फोन केला तर त्यांनी एकच वाक्य म्हणायचं ठरवून घ्या: 'त्याला विचारा.' पहिल्या दोन-तीन वेळा ते विसरतील आणि उत्तर देऊन टाकतील. त्या वेळी त्यांनी दिलेलं उत्तरच अंमलात आणा, नुकसान किरकोळ असेल तर, आणि बोलणं रात्री घरी करा.